मुद्दल आणि वाढ : सोपारा ते जव्हार परिसरातील धर्मादाय संस्थांचा अर्थव्यवहार

कोणत्याही विश्वस्त संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाची नजर प्रथम देणगीदारांच्या यादीकडे वळते. कोणी किती दिले, कोणत्या खात्यात दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले हे आवर्जून पाहिले जाते. जमेची बाजू अशी सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. खर्चाची बाजू मात्र हिशेबतपासनीस आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय यांच्यापुरतीच उरते. त्या बाजूचा रुपया संस्थेच्या दारातून बाहेर पडल्यावर कोणाच्या हाती जातो, किती हातांतून फिरतो, गावातच मुक्काम करतो की त्याच दिवशी शहरातील घाऊक पेढीकडे परततो, हे क्वचितच विचारले जाते. ना-नफा संस्थेचा स्थानिक अर्थव्यवहारावर होणारा परिणाम शोधावयाचा तर तो येथेच शोधावा लागतो. त्याच्याही मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. संस्थेचे मुद्दल नेमके कोणाच्या ताब्यात असते आणि त्याची वाढ कोणाच्या श्रमातून होते?

वसई तालुक्यातील कामण हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यास सोयीचे आहे. कामणदुर्गाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता जातो. वसई-दिवा लोहमार्गावर त्याच्याच नावाचे 'कामण रोड' स्थानक आहे. पश्चिमेस खाडी, मिठागरे आणि प्राचीन सोपारा बंदराची भूमी. पूर्वेस भिवंडीचे यंत्रमाग व गोदामे. उत्तरेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि त्यांच्यापलीकडे वाडा, विक्रमगड, जव्हारपर्यंत पसरलेला आदिवासी जंगलपट्टा. बंदर, बाजार आणि जंगल या तिन्हींच्या सांध्यावर हे गाव उभे आहे. या तिन्ही ठिकाणी धर्मादाय पैशाने वेगवेगळ्या काळी काय केले याचा इतिहास बराचसा उपलब्ध आहे आणि तो थेट कोरीव लेखांपासून सुरू होतो.

नाशिकजवळील पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात (ऋषभदत्त) याचे लेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. त्यातील एका लेखात उषवदाताने केलेल्या दानांची लांबलचक जंत्री आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, विहिरी, तळी व उद्याने केली. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने नावांची विनामूल्य सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीसाठी सभा व पाणपोया उभारल्या. यातील दाहानुका म्हणजे आजच्या डहाणूची नदी होय. किनाऱ्याने भडोचहून सोपाऱ्याकडे येणाऱ्या व्यापारी तांड्यास वाटेत अनेक खाड्या आणि नद्या ओलांडाव्या लागत. प्रत्येक उताराला नावेचे मूल्य द्यावे लागले की मालाचा भाव तितका चढे. उषवदाताने ते मूल्य रद्द केले. लेखात हे पुण्यकृत्य म्हणून नोंदले आहे. परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर ती किनारपट्टीच्या व्यापाराला दिलेली कायमची जकातमाफी होती. पुण्य आणि व्यापार यांची फारकत त्या काळच्या मनाने केलेली नव्हती.

याच लेण्यातील दुसरा लेख अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात आकडे आहेत. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंकरिता उषवदाताने तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, स्थापन केली. ही रक्कम त्याने संघाच्या तिजोरीत ठेवली नाही. राजकोषातही ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती सोपविली. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा दरमहा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची, अशी अट स्पष्ट कोरलेली आहे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंस बाराप्रमाणे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापणही शिल्लक नाही, एकही कमी नाही. उरलेल्या एक हजाराच्या व्याजातून भिक्षूंच्या किरकोळ गरजा भागावयाच्या. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविण्यात आला. आजच्या भाषेत, विश्वस्तपत्र नोंदणीकृत झाले.

या व्यवस्थेचे मर्म चीवरात नाही. ते ठेव कोणाकडे ठेवली यात आहे. विणकराला सूत घ्यावे लागते, माग दुरुस्त करावा लागतो, कापड विकले जाईपर्यंत घर चालवावे लागते. त्यासाठी खेळते भांडवल हवे. ते सावकाराकडून घेतले तर मुद्दल कधी मागितले जाईल याची धास्ती असते. उषवदाताच्या ठेवीने गोवर्धनच्या श्रेणींना असे भांडवल मिळाले, जे कोणी परत मागणार नव्हते. वर्षाला शेकडा बारा व नऊ हे दर आजच्या कर्जबाजाराशी ताडून पाहता अवाजवी वाटत नाहीत. एका दानातून दोन कामे झाली. वाढीवर भिक्षूंचे वस्त्र चालले आणि मुद्दलावर विणकराचा माग चालला. शिवाय भिक्षूंस चीवरासाठी मिळालेले पैसे कापडाच्याच खरेदीस जावयाचे, म्हणजे त्यातील काही भाग फिरून विणकरांकडेच आला असणे संभवते. स्थानिक अर्थव्यवहारावर धर्मादाय संस्थेचा परिणाम कसा व्हावा याचे इतके नेमके उदाहरण पुढील अठरा शतकांत या परिसरात पुन्हा सहजासहजी सापडत नाही.

सोपाऱ्याचे नाव जैन परंपरेतही अर्थकारणाच्याच एका प्रसंगाने अजरामर झाले आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात आर्य वज्रसेन सोपाऱ्यास आले तेव्हा श्रेष्ठी जिनदत्ताची पत्नी ईश्वरी हिने एक लक्ष मूल्याचे अन्न शिजविले होते आणि आता पुढे काहीच उरले नाही म्हणून कुटुंबासह प्राण सोडण्यासाठी ती त्यात विष कालविणार होती. लक्ष मूल्याचे अन्न शिजेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, हे गुरू वज्रस्वामींचे वचन स्मरून वज्रसेनांनी तिला थांबविले. दुसऱ्याच दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरात आली, असे परंपरा सांगते. कुटुंबाने दीक्षा घेतली आणि त्या चार पुत्रांच्या नावांनी नागेंद्र, चंद्र, निर्वृति व विद्याधर ही कुळे प्रसिद्ध झाली. कथेचे धार्मिक तात्पर्य सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या वाचकाने त्यातील एवढेच टिपावे की, भाव लक्षावर गेला तेव्हा श्रेष्ठीची संपत्ती निरुपयोगी ठरली. उपयोगी पडली ती गलबते. बंदराच्या गावात पैसा असून भागत नाही, माल यावा लागतो.

मधल्या शतकांच्या इतिहासात येथे शिरण्याचे कारण नाही. सोपारा ओसरले, वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या अमलाखाली आली. या काळात किनाऱ्याचे भांडवल मुंबई बेटावर एकवटले. गुजरात, कच्छ व राजस्थानातून आलेल्या जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी आपल्यासोबत महाजनाची पद्धत आणली. त्या पद्धतीचे मुंबईतील सर्वांत ठळक रूप म्हणजे भुलेश्वरची पांजरपोळ. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यावर शहरात मोठी अशांतता झाली. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. पारशी आणि जैन धनिकांनी एकत्र येऊन उभारलेल्या या संस्थेचा चरितार्थ केवळ देणग्यांवर अवलंबून नव्हता. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वतःहून ठरावीक लागा बसवून घेतला. बाजार चालला की लागा जमा होई. लागा जमा झाला की जनावरांना चारा मिळे. दात्याची आठवण करून द्यावी लागत नसे, कारण दान भावातच मिसळलेले होते.

लाग्याचा हा पैसा बाहेर कसा पडे? मुख्यतः चाऱ्याच्या रूपाने. पांजरपोळेतील जनावर दूध देवो न देवो, ते दररोज खाते. एरवी ज्या गवताला दुभत्या जनावरांचे गोठे आणि घोडागाड्यांचे तबेले एवढेच गिऱ्हाईक होते, त्याला एक असे गिऱ्हाईक मिळाले जे मंदीतही खरेदी थांबवू शकत नव्हते. चाऱ्यापाठोपाठ गुराखी, गाडीवान, वैद्य, गवंडी यांची मजुरी आली. पुढे संस्थेने शहराबाहेर चेंबूरसारख्या ठिकाणी शाखा काढल्या तेव्हा जमिनी आणि कुरणेही या व्यवहारात आली. मुद्दल शहरात आणि खर्च गावाकडे, अशी या व्यवस्थेची रचना होती. गोवर्धनच्या श्रेणींची रचना नेमकी उलट होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. पांजरपोळेने गवताला मागणी दिली. गवत कापणाऱ्याला भांडवल दिले नाही, आणि ते तिचे कामही नव्हते.

गवत कापणारा तो माणूस कोण होता, हे आता पाहावयास हवे. मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे गवत मोठ्या प्रमाणावर तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातून येई. तेथे वारली, कोकणा, काथोडी, मल्हार कोळी हे आदिवासी राहत. जमिनी बव्हंशी जमीनदार आणि सावकारांच्या नावावर गेलेल्या, पावसाळ्यात खावटीसाठी घेतलेले भात सुगीला दीडपट-दुप्पट करून परत द्यावयाचे, आणि लग्नासाठी कर्ज काढले तर नवरानवरीने ते फिटेपर्यंत धन्याकडे राबावयाचे. या शेवटच्या प्रथेला 'लग्नगडी' असे नाव होते. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करविण्यात आली. त्यांच्या अहवालाने वेठ आणि कर्जदास्य यांचे चित्र सरकारदरबारी प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले. येथे माणसाचे शरीर हेच गहाण पडलेले मुद्दल होते, आणि त्याची वाढ दुसऱ्याच्या कोठारात जात होती.

या स्थितीला पहिला धक्का कोणत्याही धर्मादाय संस्थेने दिला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविणे आवश्यक आहे. तो किसान सभेने दिला. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद झाली, वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला आणि त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी पुढे आली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्यास गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात पुढे लिहून ठेवला. भूतदयेने गवताचा खप वाढतो, पण कापणाऱ्याची मजुरी त्यामुळे आपोआप वाढत नाही. पांजरपोळ शंभर वर्षांहून जुनी झाली होती, तरी मजुरीचा दर ठरविण्यासाठी संप करावा लागला.

धर्मादाय संस्थांचे काम याच सुमारास पण वेगळ्या वाटेने सुरू झाले होते. १९४० साली खेर यांनी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक त्या कार्यात होते. आश्रमशाळा, वसतिगृहे, औषधोपचार ही मंडळाची परिचित कामे. आर्थिकदृष्ट्या मात्र त्याचे सर्वांत मोठे पाऊल म्हणजे जंगल कामगार सहकारी संस्था. १९४६ मध्ये खेर पुन्हा प्रांताचे मुख्य झाले आणि १९४७पासून अशा संस्था उभ्या राहू लागल्या.

त्यांची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. जंगलखाते दरवर्षी तोडीसाठी जंगलाचा एक भाग आखून देते. त्याला 'कूप' म्हणतात. पूर्वी कुपाचा लिलाव होई. ठेकेदार तो घेई, पाड्यांवर जाऊन उचल वाटे आणि त्या उचलीच्या बळावर तोड, वाहतूक, कोळसा पाडणे ही सर्व कामे मातीमोल मजुरीत करून घेई. इमारती लाकूड आणि कोळसा मुंबईस गेला की फायदाही मुंबईस जाई. नव्या पद्धतीत लिलाव टाळून कूप थेट आदिवासी मजुरांच्या संस्थेला मिळू लागले. तोडणारा तोच, पण आता तो सभासद होता; मजुरी ठरलेल्या दराने, आणि लाकूडविक्रीचा नफा संस्थेच्या खाती. त्या नफ्यातून पाड्यांवर विहिरी, शाळा, दवाखाने अशी कामे निघाली. ठेकेदाराच्या गल्ल्यात जाणारा पैसा पाड्यापर्यंत पोचण्याची वाट प्रथमच तयार झाली. जंगलपट्ट्याच्या अर्थव्यवहारात एका सेवाभावी संस्थेने घडवून आणलेला हा फेरबदल लहान नव्हता, आणि पुढे मुंबई राज्याच्या इतर जिल्ह्यांनीही तो उचलला.

परंतु त्या रचनेत एक दुबळा दुवा पहिल्यापासून होता. सभासदांस लिहिता-वाचता येत नसे. म्हणून प्रत्येक संस्थेमागे एक प्रायोजक संस्था किंवा समाजसेवक उभा करण्यात आला आणि सहानुभूतीदार म्हणून बिगर-आदिवासींनाही व्यवस्थापनात जागा ठेवण्यात आली. हिशेब त्यांनी लिहावयाचा, खात्याशी पत्रव्यवहार त्यांनी करावयाचा, खेळते भांडवलही त्यांच्याच खटपटीने यावयाचे. पहिल्या पिढीचे कार्यकर्ते निरिच्छ होते तोवर हे चालले. नंतर अनेक ठिकाणी कारभार चिटणिसांच्या आणि स्थानिक वजनदारांच्या हाती गेला, काही ठिकाणी जुने ठेकेदारच मागच्या दाराने परतले, आणि सभासद पुन्हा केवळ मजूर उरला. मग १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि तोडीवरच मर्यादा येत गेल्या. १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने ठेकेदारांऐवजी आदिवासी सहकारी संस्थांना काम द्यावे असे म्हटले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील या संस्थांना चाळीस वर्षे होऊन गेली होती आणि त्यांच्यातील पुष्कळांचे वैभव ओसरले होते. कूप सरकारचे, हिशेब प्रायोजकाचा, भांडवल बाहेरचे. आदिवासीच्या मालकीची कुऱ्हाड तेवढी होती.

याच परिसरात शिक्षणाच्या निमित्ताने झालेले एक काम आर्थिक इतिहासात सहसा नोंदले जात नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे वाढविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच पाड्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' जन्मली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा तिने हेच नाव घेतले. गावोगावच्या सेविका आणि मदतनीस यांच्या हाती येणारे मानधन अल्प आहे, त्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले आहे. पण अनेक पाड्यांत बाईच्या स्वतःच्या नावावर दरमहा येणारी ती पहिली रक्कम ठरली.

कामणच्या अधिक जवळ यावयाचे तर उसगावचे नाव घ्यावे लागेल. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. कागदावर लग्नगडी संपला. प्रत्यक्षात वसई, भिवंडी, वाडा भागातील शेतांवर आणि वीटभट्ट्यांवर तो नाव बदलून राबत होता. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली स्थापन केलेल्या विधायक संसद या संस्थेने व १९८२पासून श्रमजीवी संघटनेने वसई तालुक्यातूनच अशा मजुरांच्या मुक्ततेचे काम आरंभिले. उसगाव हे त्या कामाचे केंद्र. १९९९ साली या कार्यासाठी विवेक पंडित यांना अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या लंडनस्थित संस्थेचा पुरस्कार मिळाला.

या कार्याची आर्थिक बाजू बारकाईने पाहावी अशी आहे. मुक्त झालेल्या मजुराला पुनर्वसनासाठी १९७८च्या केंद्रीय योजनेनुसार चार हजार रुपये मिळावयाचे. ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत २०१६ साली प्रौढ पुरुषासाठी एक लाखापर्यंत गेली. चार हजारांत तेव्हा बैलजोडी किंवा दोनचार शेळ्या येत. पण मजूर अडकलेला असे तो काही शेकड्यांच्या किंवा फार तर हजार-दोन हजारांच्या कर्जात. म्हणजे कित्येकदा कर्जाची रक्कम पुनर्वसनाच्या रकमेहूनही लहान होती. खोळंबा रकमेचा नव्हता. मुक्ततेचा दाखला देणारा तहसीलदार, साक्ष देणारा शेजारी आणि पुढच्या पावसाळ्यात खावटी कोण देणार ही भीती, या तीन ठिकाणी गाडे अडे. संस्थेचा खरा खर्च या तीन अडथळ्यांवर झाला आणि तो ताळेबंदात 'प्रवास' व 'आस्थापना' या रूक्ष शीर्षकांखाली दिसतो. आस्थापना खर्च कमी असणे हे चांगल्या संस्थेचे लक्षण मानणाऱ्या दात्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे.

वीटभट्टीचा प्रश्न मात्र पूर्णपणे मिटला नाही. मुंबईच्या उपनगरांनी वसई-विरारपर्यंत मजल मारली तसतशी विटांची मागणी वाढत गेली. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. तात्पुरत्या झोपडीस 'भोंगा' म्हणतात. तेथील मुलांसाठी विधायक संसदेने चालविलेल्या शाळा म्हणूनच 'भोंगाशाळा' या नावाने ओळखल्या गेल्या. ज्या भिंतींच्या आत धर्मादाय संस्थांची सभागृहे, रुग्णालये आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या भिंतींच्या विटांचा हिशेब येथपर्यंत मागे नेता येतो.

मजुरी वाढविणे आणि मजुराला बांधिलकीतून सोडविणे यापलीकडची तिसरी वाट जव्हारच्या डोंगरात दिसते. उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात महात्मा गांधींनी १९४६ साली ठेवलेले कार्यकर्ते मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बायफ' ही संस्था स्थापिली. संकरित गाईंच्या कार्याने ती प्रसिद्ध झाली. १९८२ साली गुजरातेतील वांसदा येथे तिने आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी'चा प्रयोग सुरू केला आणि तो पुढे जव्हार, मोखाड्याकडे आला. कल्पना साधी आहे. कुटुंबाच्या स्वतःच्या, बहुधा हलक्या प्रतीच्या एक एकराच्या आसपास जमिनीवर आंबा व काजूची कलमे लावावयाची, भोवती कुंपणाची झाडे, मधल्या जागेत नागली, कडधान्य वा भाजीपाला घ्यावयाचा. पहिली काही वर्षे झाडे फळत नाहीत. त्या काळात कुटुंबाने भट्टीवर जाऊ नये म्हणून मधले पीक आणि खड्डे, बांधबंदिस्ती यांच्या कामाचा मोबदला. जव्हारच्या मोगऱ्याची लागवडही याच धाटणीने पसरली आणि त्या फुलांना मुंबईचा बाजार मिळाला. नाबार्डने २००३-०४ मध्ये पन्नास कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी निर्माण केला तो याच नमुन्याचा देशभर विस्तार करण्यासाठी.

वाडीत संस्थेचा पैसा झाडात रूपांतरित होतो आणि झाड कुटुंबाच्या बांधावर उभे राहते. संस्था उद्या निघून गेली तरी ते झाड ती बरोबर नेऊ शकत नाही. गोवर्धनच्या विणकरांनंतर मुद्दल प्रथमच पुन्हा श्रम करणाऱ्याच्या दारी येऊन बसले, असे म्हणावयास हरकत नाही. उणिवाही आहेत. ज्याच्याजवळ एकरभर जमीनच नाही अशा काथोडी कुटुंबाला वाडीचा उपयोग नाही, आणि भट्टीवर जाणाऱ्यांत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत.

आता स्वतः विश्वस्त संस्थांच्या मुद्दलाकडे वळावे. केंद्रीय सांख्यिकी संघटनेने केलेल्या गणनेत देशात नोंदणी झालेल्या ना-नफा संस्थांची संख्या एकतीस लाखांहून अधिक भरली. तिचा अंतिम अहवाल २०१२ साली आला. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर १९५०च्या कायद्याचे नियंत्रण आहे. त्याने विश्वस्त निधी बँका, सरकारी रोखे अशा सुरक्षित ठिकाणीच गुंतवावा असे बंधन घातले. या बंधनामागे सबळ कारण होते. विश्वस्तांनी आपल्याच पेढीत वा आप्तांच्या धंद्यात निधी ठेवावा आणि पेढीबरोबर तो बुडावा, असे प्रकार घडत. कायद्याने मुद्दल राखले. परंतु त्यायोगे उषवदाताचा मार्गही बंद झाला. आज एखाद्या न्यासाने कामणच्या कारागिरांच्या मंडळाला परत न मागण्याच्या बोलीने ठेव देऊ म्हटले तर ती गुंतवणूक ठरणार नाही. गावातील निधी बँकेत जातो आणि बँक तो जेथे कर्जाला मागणी व तारण असेल तेथे वळविते. ते ठिकाण गावाबाहेरचेच असण्याचा संभव अधिक.

जैन संस्थांच्या बाबतीत यावर आणखी एक मर्यादा आहे. देवद्रव्य मंदिर व प्रतिमेखेरीज अन्यत्र वापरता येत नाही, जीवदयेचे द्रव्य जीवदयेलाच. साधारण खात्यालाच काय तो थोडा वाव. या शिस्तीमुळे शतकानुशतके मंदिरे टिकली, हे निर्विवाद आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर आणि शक्यतो आपल्या परिसरात खर्च करण्यास सांगितले. पण पाच कोटी निव्वळ नफा, पाचशे कोटी मूल्य किंवा हजार कोटी उलाढाल यांपैकी काही असल्याशिवाय ते लागू होत नाही. गाळ्यांमधून चालणाऱ्या लहान कारखान्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

तेव्हा न्यासाच्या हातात उरते ती खर्चाची बाजू. महामार्गावरील विहारधामे, धर्मशाळा, भोजनशाळा, गोशाळा यांचा नित्य खर्च पाहिला तर त्यात दूध, भाजी, धान्य, सरपण, स्वयंपाकी, पहारेकरी, गवंडी आणि चारा असतो. सर्वांत मोठी आणि सर्वांत नियमित खरेदी बहुधा चाऱ्याची. जंगलपट्ट्यात गवत पावसाळा संपल्यावर कापले जाते आणि उन्हाळ्यात त्याचा भाव चढतो. कापणाऱ्याला पैसा कापणीच्या वेळीच लागतो, कारण खावटी तेव्हाच फेडावयाची असते. व्यापाऱ्याला चैत्रापर्यंत थांबता येते, आणि दोन्ही भावांतले अंतर त्याला मिळते ते या थांबण्याबद्दल. कोठार आणि आगाऊ रक्कम जवळ असलेल्या गोशाळेलाही तितकेच थांबता येते. तिने मार्गशीर्षात पाड्यावरून थेट वजनाने खरेदी केली तर ना मुद्दलाला हात लागतो, ना खाते बदलावे लागते, ना धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. पावतीवरचा महिना आणि विक्रेत्याचे नाव एवढेच बदलते.